दहा मिनिटांचे नाटक
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



शंभर वर्षे ग्रंथांची राखण करणाऱ्या या वास्तूत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. रंगभूमीवर बोला, असे आपण सुचविलेत. अनेकांना संगीत नाटकांच्या आठवणी ऐकावयास आवडल्या असत्या. परंतु मी आज जेमतेम दहा मिनिटांच्या एका इंग्रजी नाटकाविषयी बोलणार आहे.

गाझातून होणाऱ्या रॉकेटमाऱ्याचे कारण देऊन २७ डिसेंबर २००८ रोजी इस्रायलने गाझा पट्टीवर हल्ले सुरू केले. १८ जानेवारी २००९ रोजी लढाई थांबली, तेव्हा हजाराहून अधिक पॅलेस्टिनी आणि १३ इस्रायली प्राणास मुकले होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात ज्येष्ठ नाटककर्त्री कॅरिल चर्चिल यांचे 'सेव्हन ज्यूइश चिल्ड्रन' रंगमंचावर आले. प्रवेश विनामूल्य होता. प्रयोगानंतर पॅलेस्टिनींच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी गोळा केला जाई.

नाटकात सात छोटे प्रवेश आहेत. पात्रांना नावे नाहीत. घरातील वडीलधारी माणसे लहान मुलीला काय सांगावे आणि काय सांगू नये, याचा खल करतात. प्रत्येक वेळी मुलगी निराळी. पण ती रंगमंचावर येतच नाही. आरंभी युरोपातील छळापासून लपलेले कुटुंब आहे; मग मारल्या गेलेल्या नातलगांच्या आठवणी, नव्या भूमीकडे प्रयाण, १९६७ चे युद्ध आणि अखेर गाझावरील बाँबवर्षाव. पहिल्या प्रवेशातील माणसे मुलीने भिऊ नये म्हणून सत्य झाकतात. शेवटच्या प्रवेशातील माणसे दुसऱ्यांची मुले मरत असताना सत्य कसे झाकावे, या विवंचनेत आहेत. तेथेच एका व्यक्तीच्या तोंडी अत्यंत निष्ठुर उद्गार येतात. वाद पेटला तो मुख्यतः त्यांवरून.

ब्रिटनमधील ज्यू समाजाच्या प्रातिनिधिक मंडळाने नाटकाचा निषेध केला. कादंबरीकार हॉवर्ड जेकबसन यांना त्यात ज्यूद्वेषाचा जुना सूर ऐकू आला. शीर्षकात 'इस्रायली' नव्हे, 'ज्यू' हा शब्द आहे. एका राज्याच्या कृतीचा जाब अख्ख्या समाजाला का विचारावा, असा आक्षेप होता. उलटपक्षी, स्वतः ज्यू असलेले अमेरिकन नाटककार टोनी कुशनर आणि समीक्षक अलिसा सॉलोमन यांनी नाटकाची बाजू घेतली. बीबीसी रेडिओने निःपक्षपातीपणाचे कारण देऊन ते प्रसारित करण्यास नकार दिला.

आपल्याला अशा वेळी 'कीचकवध' आठवते. खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली आले आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. तेथे कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्नच नव्हता. दुखावले होते ते राज्यकर्ते. येथे दुखावला गेला तो शतकानुशतके छळ सोसलेला समाज. म्हणून केवळ नाटककाराचे स्वातंत्र्य म्हणून भागत नाही.

हा समाज आपल्याला परका नाही. कोकणातील बेने इस्रायल घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते मराठी बोलत आणि आपला धर्म जपत. इस्रायल राज्य स्थापन झाले ते १९४८ साली. या माणसांची ओळख त्याहून कितीतरी जुनी. त्यामुळे शीर्षकावरचा आक्षेप मला खरा वाटतो. तरीही नाटक रंगमंचावर आले, हे योग्यच झाले, असेही मी म्हणतो.

हे दोन्ही एकत्र कसे म्हणता येते, याचे उत्तर वॉशिंग्टनच्या 'थिएटर जे' या ज्यू नाट्यसंस्थेने दिले. मार्च २००९ मध्ये, कलादिग्दर्शक आरी रॉथ यांच्या पुढाकाराने, तिने या नाटकाचे जाहीर वाचन केले. स्वसमाजातून टीका होत असताना केले. त्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या संहिताही तिने वाचल्या आणि मग प्रेक्षकांशी चर्चा केली. जखम ज्यांची, त्यांनीच ती उघडून पाहिली. नाटक दहा मिनिटांचे. खरे काम त्यानंतरचे होते.

सर्वत्र असे घडले नाही. २०२२ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे चर्चिल यांना जाहीर झालेला नाट्यपुरस्कार परत घेण्यात आला. इस्रायलवरील बहिष्काराच्या चळवळीस त्यांनी दिलेला पाठिंबा आणि हे नाटक, ही दोन्ही कारणे त्यामागे होती. पुढे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये केलेला संहार आणि त्यानंतर गाझात झालेला विध्वंस यांनी तर बोलणेच अवघड करून टाकले. पण जेव्हा बोलणे अवघड होते, तेव्हाच ते अगत्याचे असते.

मित्रहो, ग्रंथालयाचे कपाट हे काम मुकाट्याने करीत असते. परस्परांना खोडून काढणारी पुस्तके तेथे शेजारी उभी असतात. आपण मात्र बहुधा एकच उचलतो. या वास्तूच्या दुसऱ्या शतकात सभासदांनी एकाबरोबर दुसरेही घरी न्यावे, आणि परत करताना येथे घटकाभर बसून त्यावर बोलावे, एवढीच माझी विनंती आहे.