शाळा पाहावी कशी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका सेवानिवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा मंगल प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करावा, अशी प्रथा आहे. ते कार्य माझ्या आधीच्या वक्त्यांनी अधिक समर्थपणे पार पाडले असल्यामुळे मी थेट माझ्यावर सोपविलेल्या विषयाकडे वळतो. चार महिन्यांपूर्वी विश्वस्त मंडळाने मला बोलावून सांगितले, "महोत्सवी निधीतून गावातील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेस काही द्यावे, असा एक विचार आहे. परंतु त्या शाळेत आता राहिले आहे काय, असेही काही सभासद विचारतात. आपण शाळा पाहून या आणि ती चांगली की वाईट, एवढे सांगा." काम सोपे वाटले, म्हणून मी तत्काळ होकार दिला. शाळा पाहणे हा तर माझा आयुष्यभराचा व्यवसाय!

परंतु घरी परतताना मला एक जुनी तपासणी आठवली आणि तो होकार जड वाटू लागला. सेवेत असताना एका गावी मी वार्षिक तपासणीस गेलो होतो. अंगण सारवलेले, रांगोळी काढलेली, भिंती सुविचारांनी भरलेल्या. हजेरीपट, जडसंग्रह नोंदवही, टाचणवही, सारे जागच्या जागी. दुसरीच्या वर्गात एका मुलास वाचावयास सांगितले. त्याने ओळीवर बोट ठेवून खणखणीत आवाजात धडा वाचला. मी प्रसन्न झालो. कोणता पाठ आहे, हे पाहण्यासाठी पुस्तक त्याच्या हातातून घेतले. आणि मुलगा वाचतच राहिला! पुस्तक माझ्या हातात होते, धडा त्याच्या मुखात होता. अक्षर त्याला एकही येत नव्हते. मग मी काय केले? पुस्तक परत दिले, चहा घेतला आणि शेरेबुकात 'वाचन समाधानकारक' असा शेरा लिहून पुढच्या शाळेची वाट धरली. त्या दिवशी मला आणखी दोन शाळा उरकावयाच्या होत्या. तो मुलगा आज चाळिशीचा असेल. त्याला पुढे वाचता आले की नाही, मला ठाऊक नाही. आज मी आपणासमोर शाळेविषयी जे बोलणार आहे, त्याच्या मुळाशी तो शेरा आहे.

शाळेची पारख करताना आपण सामान्यतः काय पाहतो? प्रथम इमारत. मग गणवेश, बूट, टाय. मग शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीतील नावे, आणि अलीकडे मूल इंग्रजीत कविता म्हणते की नाही, हे. यांतील एकही गोष्ट वाईट नाही. परंतु यांतील बहुतेक गोष्टी शाळेने दिलेल्या नसून घराने दिलेल्या असतात, हे आपण विसरतो. ज्या घरी आई अभ्यास घेते, शिकवणी लावलेली असते, वर्तमानपत्र येते, त्या घरचे मूल कोणत्याही शाळेत बरे गुण मिळविते; त्याचे श्रेय मात्र शाळेच्या फलकावर लिहिले जाते. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली लाखो विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हाही हेच दिसून आले की, मुलांच्या गुणांतील तफावत शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित असते. अनेकांताचा वारसा सांगणारे आपण, शाळेकडे मात्र निकालाच्या एकाच नयाने पाहतो, याचे मला नवल वाटते. आणि मी कोणास बोल लावीत नाही. माझी स्वतःची नातवंडेही सकाळी पिवळ्या बसमधूनच जातात.

तेव्हा प्रश्न असा विचारावयास हवा, की घराकडून काहीही न मिळालेले मूल या शाळेत आले, तर ते येथून काय घेऊन जाते? सार्वजनिक शाळेची खरी कसोटी तीच, कारण ती शाळा स्थापनच त्या मुलासाठी झाली. आपल्या या भागात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा जाहीरनामा काढला, तो ज्या घरात पाटी कधी आलीच नव्हती त्या घरासाठी. आपल्याच समाजात कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, तीही त्याच मुलासाठी.

यावेळी मी पूर्वसूचना न देता पाच वेळा शाळेत गेलो. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचेच प्रमाण आहे. परंतु कायदा मुले मोजतो, इयत्ता मोजत नाही. एका शिक्षकाने एकाच वेळी दोन इयत्ता हाताळणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळते.

शेरेबुक मी मागितले नाही. दुसरीच्या मुलांमध्ये सतरंजीवर जाऊन बसलो. माझा अनुभव असा, की शाळा पाहावयाची तर दुसरीपासून पाहावी. चौथीचे मूल चुकले तर कारणे अनेक निघतात, परंतु दुसरीच्या अखेरीस जे मूल अक्षरे जुळवू शकत नाही, त्याच्यासाठी पुढच्या प्रत्येक इयत्तेचे पुस्तक बंदच राहते. 'प्रथम' या संस्थेच्या वतीने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होत आली आहे. तिचे कार्यकर्ते शाळेत न जाता घरोघर जातात आणि मुलाच्या हाती एक कागद देतात: अक्षरे, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली नाही. त्या मुलांच्या शाळांमध्येही तपासण्या झाल्या असतील, आणि माझ्यासारख्या कोणीतरी 'समाधानकारक' लिहिले असेल.

मीही तसाच मुलांनी पूर्वी न पाहिलेला उतारा नेला होता. दुसरीची बरीचशी मुले हळूहळू, पण स्वतः वाचत होती. तिसरी-चौथीची बहुतेक मुले नीट वाचत होती. चौथीतील तीन मुले जोडाक्षरांशी अडखळली आणि हातच्याची वजाबाकी त्यांना जमली नाही. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. त्या तिघांपैकी एकजण बाईंकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "बाई, मला हे आलं नाही, परत सांगा." बंधुभगिनींनो, शेकडो वर्गांत बसूनही असे वाक्य मी क्वचितच ऐकले आहे. मारास कायद्याने बंदी आहेच. तथापि छडी नसली तरी भीती असू शकते. आपण चार दाने मानतो. त्यांतील अभयदान वर्गात कसे दिसते, हे मला त्या दिवशी समजले.

वह्या पाहिल्या. वहीत शिक्षकाचा लाल शाईचा हात दिसतो का, चुकीखाली केवळ फुली आहे की बरोबर उत्तर कसे आणावे याची एखादी ओळ आहे, हे पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्यातून वर्षभराचे अध्यापन दिसते. येथे पहिली-दुसरीच्या वह्या उत्तम होत्या. वरच्या वर्गाच्या वह्यांत काही आठवडे कोरे होते. कारण विचारले. गुरुजी बैठका, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांसाठी तालुक्यास गेलेले असत, आणि बाई एकट्या चारही इयत्ता सांभाळीत. माझ्या पाच भेटींपैकी दोन वेळा हेच चित्र होते. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास सांगितले आहेत. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकास अशैक्षणिक काम देऊ नये, असेही सांगितले आहे. परंतु माहिती भरणे हे शैक्षणिक की अशैक्षणिक, या वादात तास निघून जातो. हे तास पूर्वी आम्हीच बैठका बोलावून घेत होतो, हेही प्रांजळपणे सांगतो.

इमारतीविषयी थोडक्यात सांगतो. एका खोलीचे छप्पर पावसाळ्यात गळते. मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार ठीक आहे, पण आत पाणी नाही. फरशी जुनी आहे, चालेल. फाटक नाही, तेही चालेल.

आता ज्या गोष्टीमुळे माझे मत बनले, ती सांगतो. हंगाम सुरू झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपल्याकडे येतात, हे आपणांस सांगावयास नको. आपल्यापैकी अनेकांच्या शेतातील ऊस तेच तोडतात. त्यांच्या कोप्या ओढ्याकाठी पडतात. या शाळेतील बाई नोव्हेंबरमध्ये त्या कोप्यांवर जाऊन सहा मुले घेऊन आल्या. जन्मदाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही आणि वयास योग्य त्या वर्गात बसवावे लागते, हा कायदा आहे. पण कोपीपर्यंत चालत जावे, असे कायद्यात कोठे लिहिलेले नाही. त्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. वयाप्रमाणे तिसरीत, प्रत्यक्षात अक्षरओळखही नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊनच शाळेत येत असे. बाई तिला परिपाठाच्या आधी अर्धा तास आणि दुपारच्या खिचडीनंतर थोडा वेळ घेऊन बसत. भाऊ शेजारी झोपलेला असे. फेब्रुवारीतील माझ्या शेवटच्या भेटीत तिने माझा नवा उतारा वाचला. बोट ठेवून, थांबत थांबत. जुन्या अनुभवाने शहाणा झालेला मी, तिच्या हातातील पुस्तक हळूच काढून घेतले. ती थांबली आणि रागावून म्हणाली, "द्या की, मला पुढचं वाचायचंय."

हे वाचन कोणत्या नोंदवहीत येईल? ती मुलगी वार्षिक परीक्षेस येथे नसेल. हंगाम संपताच टोळी परत जाईल. शिष्यवृत्तीच्या यादीत तिचे नाव येणार नाही. तिच्यामुळे या शाळेचा पट टिकणार नाही, आणि पट टिकला नाही तर शाळा टिकणार नाही. वीसहून कमी पटाच्या हजारो शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार राज्यात २०२३ साली पुढे आला होता, तो आपल्या स्मरणात असेल. म्हणजे या शाळेने वर्षभरात केलेले सर्वांत मोठे काम तिच्या कोणत्याही गुणपत्रकात दिसत नाही. तिच्या गुणपत्रकात दिसतात त्या कोऱ्या वह्या आणि गळके छप्पर.

विश्वस्त मंडळाने 'चांगली की वाईट' असे विचारले होते. माझे उत्तर असे आहे: पहिल्या-दुसरीची शाळा चांगली आहे, तिसरी-चौथीची मध्यम आहे, आणि ती मध्यम असण्यास वर्गातील शिक्षकापेक्षा वर्गात नसलेला शिक्षक अधिक कारण आहे. द्यावयाचे असेल तर संगमरवरी फलक लावलेले प्रवेशद्वार देऊ नये. डिजिटल फळाही नको. जुना एक कपाटात बंद आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी द्यावे, छप्पर दुरुस्त करावे. पाठ्यपुस्तकाबाहेरची गोष्टींची पुस्तके द्यावीत, आणि ती कपाटात न ठेवता दोरीला टांगावीत, अशी अट घालावी. सर्वांत महत्त्वाचे, गुरुजी तालुक्यास गेले की वर्ग सांभाळण्यासाठी आणि हंगामात कोप्यांवरील मुलांसाठी एखादी डी. एड. झालेली मुलगी मानधनावर नेमावी. आपल्या समाजात अशा शिकलेल्या सुना घरोघर आहेत. शाळा व्यवस्थापन समितीची संमती मात्र आधी घ्यावी.

त्या समितीविषयी एक शेवटचे सांगतो. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य शाळेतील मुलांचे पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या विकासाचा आराखडा आणि निधीच्या वापरावरील देखरेख त्यांच्याकडे असते. मी एका बैठकीस बसलो होतो. अध्यक्ष शेतमजूर, उपाध्यक्षा भाजी विकणाऱ्या एक ताई. स्वच्छतागृहाच्या पाण्याचा अर्ज त्यांनी तीनदा दिलेला आहे. अर्ज कोठे अडतो, हे त्यांना समजत नाही. या सभागृहातील कोणीही एका दूरध्वनीत ते शोधू शकेल. या सभागृहातील बहुतेक वडीलधारी मंडळी त्याच शाळेत शिकली, मीही शिकलो. परंतु आज आपल्यापैकी एकाही घराला पालक म्हणून त्या बैठकीत बसण्याचा अधिकार नाही, कारण आपल्या एकाही घरचे मूल त्या शाळेत नाही. त्या ताई मला म्हणाल्या, "तुमची माणसं येतील तर बरं होईल, गुरुजी. पण शाल-नारळाला पैसे नाहीत हं आमच्याकडं."

शाल-नारळ लागणार नाही, असे मी आपल्या वतीने सांगून आलो आहे. पुढील बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, शाळेच्या व्हरांड्यात आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे.

जय जिनेंद्र!