स्टंटपटांची उघडी बाजू

(बुलढाण्यातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आपल्या चित्रपटाचा इतिहास सांगताना आपण १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'वरून १९३६च्या 'संत तुकाराम'वर येतो. मधल्या मारधाडीच्या स्टंटपटांचे नाव निघालेच, तर नाक मुरडूनच निघते. पण ज्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' दिला, तिनेच १९३० साली 'खुनी खंजर' काढला होता. 'आलम आरा' या बोलपटाचा नायक मास्टर विठ्ठल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडला आणि मूकपटांतल्या तलवारबाजीवर मोठा झाला. अमेरिकेतल्या छोट्या कंपन्या काउबॉयचे स्वस्त चित्रपट धडाधड काढत होत्या, तेव्हा इकडे मुंबईत वाडिया बंधूंनीही घोडे, चाबूक आणि मुखवटे यांच्यावर धंदा उभा केला. या चित्रपटांत पैशाअभावी जे झाकता आले नाही, तिथेच त्यांची गोडी आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा पडद्यावरच आहे. १९३६च्या 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये वाडियांची नायिका नादिया धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते. गोष्ट म्हणाल तर लहान मुलालाही पुढचे कळावे अशी. पण नादिया आपल्या कसरती बदली माणसाकडून करून घेत नसे, म्हणून तिथला तोल खरा आहे, वाराही खरा आहे. अमेरिकेतही तेच. जॉन वेनचे सुरुवातीचे स्वस्त चित्रपट पाहा. त्यांतला कसरतपटू याकिमा कॅनट घोड्यावरून झेप घेतो, तेव्हा दिसते ते एका कसबी माणसाचे अंग. ज्या धांदलीला आपण हसतो, ती मूकपटांची धांदल तर पुष्कळदा त्यांचा दोषच नव्हे. कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चौकटी घेत. पुढे तीच फीत चोवीसच्या वेगाने दाखवली की माणसे तुरुतुरु पळू लागतात. मारामारीत वेग यावा म्हणून कॅमेरावाला मुद्दाम सावकाश फिरवी, तो भाग वेगळा.

यावर पहिला आक्षेप असा, की गरिबीलाच गुण म्हटले तर आजची प्रत्येक फडतूस मालिका थोर ठरेल. तसे नाही. कथा ढिसाळ असणे हा आळस आहे, आणि आळसाची भलामण करायचे कारण नाही. टंचाई जेव्हा माणसाला स्वतःचे अंग आणि अक्कल पणाला लावायला भाग पाडते, तेव्हाच तिच्यातून काही निघते. दुसरा आक्षेप खरेपणाचा. जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथला प्रेक्षक ऐतिहासिक चित्रपटाला पगडीपासून तलवारीच्या मुठीपर्यंत प्रश्न विचारणारच, आणि त्याने ते विचारावेत. पण नादियाच्याच 'हंटरवाली'ने कुठल्या बखरीचा हवाला दिला नव्हता. राजकन्येने चाबूक उचलून अन्याय मोडायचा, एवढाच तिचा दावा. १९३५ साली तो पडद्यावर मांडणे ही लहान गोष्ट नव्हती. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: हा थरार दुसऱ्याच्या जिवावरचा नव्हे काय? अमेरिकेत धावत्या घोड्याच्या पायांना तार बांधून त्याला पाडत. त्यात घोडे मेले. इथे माझ्याकडे बचाव नाही. माणूस समजून-उमजून जोखीम घेतो, घोड्याला कोणी विचारत नाही. अशा दृश्याची गोडी आपण सोडून दिली पाहिजे.

एवढे वजा करूनही बरेच उरते, पण ते आपण राखले नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. आज हाताशी आहेत ते मोजकेच. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभे राहिले, तोवर कित्येक फिती जळाल्या, कुजल्या, काही तर आतली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. संतपट किंवा पौराणिक पट जपावा असे निदान कोणाला तरी वाटे. स्टंटपटासाठी कोण झटणार? हलका माल म्हणून जे आपण टाकून देतो, त्याचे मोल ठरवायची संधीही पुढच्या पिढीला उरत नाही. म्हणून आधी जपावे, मग खुशाल नावे ठेवावीत.