आधी पेशी जगवावी लागते

डॉ. कमल रणदिवे यांचे नाव कर्करोगाच्या संशोधनाशी जोडले गेले आहे, पण त्यांच्या संशोधनाची सुरुवात झाली ती सीताफळाच्या झाडापासून. पुण्याच्या शेतकी कॉलेजात त्यांनी 1943 साली एम.एस्सी. केले, तेव्हा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांचा. बार्शीकडच्या सीताफळांच्या बागा पाहिलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावच्या लोकांना या झाडाचे अप्रूप वाटणार नाही. मात्र काचेच्या पट्टीवर पेशी पसरायची, तिला रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्तास बसायचे, ही बैठक त्यांना याच कामाने दिली. पुढे झाड गेले, माणूस आला, बैठक तीच राहिली.

त्यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917चा, पुण्याचा. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि लेकीला त्यांनी हुजूरपागेत घातले होते. लेकीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा. लेकीने दोन्ही मानले नाही. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली आणि 1939 साली जयसिंग रणदिवे यांच्याशी तिचे लग्न झाले. ते गणिताचे. लग्नानंतर बिऱ्हाड मुंबईला हलले आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कमलताईंना त्यांचे गुरू भेटले.

गुरूंचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांच्याकडे पाहतात. त्यांचे एकच काम सांगितले तरी हा माणूस कशा नजरेचा होता ते कळते. 1945 साली त्यांनी सहकाऱ्यासह एक शोधनिबंध छापला. विषय होता माणसांच्या सवयी आणि कर्करोग. त्यात कमरेला धोतर करकचून बांधणाऱ्यांच्या कातडीची हकिगत आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी कापड काचते, कातडी काळवंडते, जाड होते, चिघळते आणि क्वचित कोणाला तिथेच कर्करोग होतो. वैद्यकात याला धोतराचा कर्करोग असेच नाव पडले. रोज नेसायच्या वस्त्राकडे संशयाने पाहायला वेगळा डोळा लागतो. पण कमरेच्या वळापर्यंत डोळा पोचला तरी त्या काचण्याने पेशीच्या आत नेमके काय बिघडते, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही. त्यासाठी जिवंत पेशी समोर हवी, आणि तीही शरीराबाहेर.

रणदिवे बाईंच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचे मूळ या अडचणीत आहे.

1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गाय हा मोठा खटपट्या माणूस. पेशी वाढवण्यासाठी त्याने फिरत्या नळ्यांचे यंत्र केले होते. एका पिंपात भोके पाडून त्यात नळ्या बसवायच्या आणि पिंप अगदी संथ फिरवत ठेवायचे, म्हणजे पेशी काही काळ द्रवात राहतात, काही काळ हवेत. याच प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या मरेनातच. ‘हेला’ नावाने त्या जगभर गेल्या. खुद्द हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. पेशी घेताना तिला किंवा घरच्यांना कोणी विचारले नव्हते. तिच्या वारसांचा एका मोठ्या कंपनीशी समझोता झाला तो 2023 साली. विज्ञानाच्या इतिहासातले हे देणे फार उशिरा फिटले, आणि तेही अर्धेमुर्धेच.

बाई परत आल्या त्या हे तंत्र घेऊन. मुंबईत 1952 साली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि तिथे त्यांनी ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातली या प्रकारची पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. टिश्यू कल्चर हा शब्द करमाळा तालुक्याला नवा नाही. कंदर भागातली केळी त्याच रोपांची. पण वनस्पतीची पेशी त्या मानाने सोशिक असते. साखर, क्षार, थोडी संजीवके आणि उजेड मिळाला की ती आपले अन्न-पाणी पाहते, पुन्हा अख्खे झाड व्हायची तयारीही ठेवते. प्राण्याच्या पेशीचे लाड निराळे. तिला तापमान 37 अंशच लागते, हवेत साधारण 5 टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, वासराच्या रक्तातला पिवळसर सीरम लागतो. शिवाय जंतूंपासून कडेकोट बंदोबस्त हवा, कारण तिला वाढवायला केलेले पक्वान्न जंतूंना तिच्याहून जास्त आवडते.

अशा प्रयोगशाळेत काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे असते. काचेची चपटी बाटली आडवी ठेवलेली. तळाला पेशींचा नुसत्या डोळ्यांना न दिसणारा थर, वर लालसर गुलाबी द्रव. त्या द्रवात फिनॉल रेड हे रंगद्रव्य घातलेले असते. पेशी खातात, वाढतात, आम्ल टाकतात; तसा गुलाबी रंग नारिंगी होतो, मग पिवळा. पिवळा दिसला की जुना द्रव उपसून नवा घालायचा. द्रव गढूळ दिसला तर मात्र खेळ संपला: जंतू शिरले, बाटली उकळा आणि फेका. कित्येक आठवड्यांची मेहनत एका शिंकेने जाते. रविवार, दिवाळी, घरचे लग्न यातले पेशीला काही ठाऊक नसते. शोधनिबंधात हा सगळा प्रकार ‘पद्धती’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकलेला असतो, पण संशोधकाच्या आयुष्यातली निम्मी वर्षे त्याच चार ओळींत गेलेली असतात.

बाईंनी या पायावर बरेच उभे केले. स्तनाच्या कर्करोगाला सहज बळी पडणारे आणि न पडणारे असे उंदरांचे वंश त्यांनी शेजारी ठेवून तपासले. उंदरांमध्ये हा रोग आईच्या दुधातल्या विषाणूतून पिलांकडे जातो, हे तोवर बाहेर कळले होते. अनुवंश, संप्रेरके आणि विषाणू यांची सांगड कशी बसते, हा त्यांचा प्रश्न होता. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जिवाणू वेगळा काढून वाढवला. संस्थेच्या नावावरून तो आयसीआरसी बॅसिलस झाला आणि पुढे त्याच्यावरून कुष्ठरोगाची एक लसही तयार झाली. कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोगाचे काय काम, असे कोणी विचारील. पेशी जगवायची खोली एकदा तयार झाली की तिच्या दारात असे पाहुणे येतातच.

फुप्फुस आणि रक्तवाहिनी यांच्या इजेचा अभ्यास जगात शरीराबाहेर पेशी जगवण्याच्या याच वाटेने पुढे गेला. फुप्फुसात सुमारे 30 कोटी हवेच्या पुटकुळ्या असतात. पुटकुळीतली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. त्याला हवेच्या अंगाने एक पेशी, रक्ताच्या अंगाने दुसरी. हवेच्या बाजूला आणखी एक गोलसर पेशी असते. ती पुटकुळी मिटू नये म्हणून साबणासारखा द्रव पाझरते आणि शेजारची पेशी मेली तर तिची जागाही भरून काढते. हा द्रव पुरेसा नसल्यामुळे अपुऱ्या दिवसांची बाळे दगावतात, हे मेरी एलेन एव्हरी यांनी 1959 साली दाखवले. फुप्फुसाची इजा तपासायला 1972 साली एका 58 वर्षांच्या रुग्णाच्या फुप्फुसाच्या गाठीतून ए-549 नावाच्या पेशी मिळाल्या. सिगारेटचा धूर, डिझेलची काजळी, विषाणू यांचा मारा आजही जगभर या पेशींवर करून पाहिला जातो.

रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी मिळाली बाळाच्या नाळेतून. आपल्याकडे जी पुरतात आणि इस्पितळात जी फेकून देतात, ती नाळ 1973 साली न्यूयॉर्कच्या एरिक जॅफी आणि सहकाऱ्यांनी उचलली. नाळेची शीर धुवायची, तिच्यात अस्तर सोडवणारे विकर भरायचे, थोडा वेळ ऊब द्यायची आणि आतले पाणी काढून घ्यायचे. त्या पाण्यात अस्तराच्या पेशी सुटून येतात आणि बाटलीच्या तळाला फरसबंदीसारख्या चिकटून वाढतात. नळीचे नुसते अस्तर म्हणून जिच्याकडे पाहिले जाई, ती पेशी किती उद्योगी आहे ते यानंतर कळू लागले. रक्त गोठू द्यायचे की नाही, नळी आवळायची की सैल सोडायची, पाणी बाहेर झिरपू द्यायचे की नाही, या साऱ्यात तिचा हात असतो. ती सोडत असलेला निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, याच्या शोधाला 1998चे नोबेल मिळाले.

या पद्धतीची दुखरी बाजूही आहे. ए-549 ही मुळात कर्करोगाची पेशी, म्हणजे निरोगी फुप्फुसाची साक्ष ती अर्धवटच देणार. त्याहून वाईट असे की 1966 साली स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिले, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या. एक थेंब इकडून तिकडे गेला आणि दांडगट हेलाने शेजाऱ्याचे घर बळकावले. पाटी मात्र जुनीच राहिली. त्या पाटीवर विसंबून लिहिलेले निबंध आजही ग्रंथालयांत आहेत. बाटली बदलताना हात न थरथरू देणारा माणूस किती मोलाचा, ते यावरून समजावे.

या साऱ्याचा सोलापूर जिल्ह्याशी संबंध लांबचा नाही. सोलापुरात जुनी मिल 1877 साली निघाली. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराला बिसिनोसिस हा आजार जडतो. त्याची खूण मोठी चमत्कारिक: साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत जरा सैल पडते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईतल्याच कापड कामगारांच्या फुप्फुसांचा काही वर्षे पाठपुरावा केला. दोष कापसाच्या तंतूपेक्षा त्याला चिकटलेल्या जिवाणूंच्या विषाचा अधिक, हे पुढे प्रयोगशाळांनी दाखवले. धुळीप्रमाणे वायूही फुप्फुस बिघडवतो: भोपाळला 2 डिसेंबर 1984च्या मध्यरात्री मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला, तेव्हा माणसे गुदमरून मेली ती हवा आणि रक्त यांच्यामधल्या त्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजू फाटून फुप्फुसात पाणी भरल्यामुळे. मुंबईत उपचाराला आलेल्या शंभरावर बाधितांना तपासून कामतांच्या तुकडीने त्यांच्याही श्वासाच्या नोंदी ठेवल्या.

आणि केमचे कुंकू तर गावाची ओळख. दळणाच्या वेळी उडणाऱ्या भुकटीतला मोठा कण नाकात आणि घशात अडकतो. साधारण 5 मायक्रॉनखालचा कण खोल पुटकुळीपर्यंत जाऊ शकतो. तिथे तो काय करतो ते त्याच्या घडणीवर अवलंबून: हळद आणि चुन्याचे कुंकू वेगळे, रासायनिक रंगाचे वेगळे. चुलीच्या धुराचे किंवा मिश्रीचे पाप कुंकवाच्या माथी मारायला नको आणि कुंकू सोज्वळ म्हणून त्याला मोकळे सोडायलाही नको. भुकटीचा अर्क करून पेशींवर घालून पाहायला हवा. मिश्रीचा असा हिशेब मुंबईत झालेला आहे: भाजलेल्या तंबाखूचा अर्क जनुकांत बिघाड करतो, हे रणदिवे बाईंच्याच संस्थेतील संशोधकांनी 1980च्या दशकात दाखवले. आज पेशींसाठी परदेशाकडे हात पसरावे लागत नाहीत. पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, ज्याची सुरुवात 1986 साली पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली, देशभरच्या प्रयोगशाळांना त्या पुरवते. ए-549 सुद्धा.

बाई 1966 ते 1970 संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. 1982 साली पद्मभूषण मिळाले. पण मानमरातबात रमण्याचा त्यांचा पिंड नव्हता. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राजूरला सत्यनिकेतनच्या कामाला जोडून घेऊन त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी केल्या. परळच्या प्रयोगशाळेतून निघून तिथे गेल्यावर त्यांच्या हाती वजनकाटा आणि वह्या असत.

1973 साली सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. विज्ञानातल्या बायकांची संघटना म्हटल्यावर परिसंवाद आणि स्मरणिका एवढेच डोळ्यांपुढे येते. या संघटनेने नवी मुंबईत वाशीला नोकरदार बायकांसाठी वसतिगृह काढले आणि पाळणाघरही चालवले. संध्याकाळी सहाला बाटलीतला द्रव पिवळा पडू लागला असेल, तर तो बदलणाऱ्या बाईचे मूल तेवढा वेळ कोणाकडे तरी ठेवायला हवे असते.