डब्याचा आकडा कुणी मोजला?



मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण न देता व्यवस्थापन शिकवणारा मराठी प्राध्यापक विरळाच, आणि डबेवाले आले की पाठोपाठ 'सिक्स सिग्मा' येतेच. त्या मानकाची मर्यादा दहा लाखांत ३.४ चुका, आपले डबेवाले म्हणे त्याच्याही कितीतरी पुढे. हा आकडा जन्मला कसा? १९९८ साली 'फोर्ब्स'साठी लिहिताना सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना चुका किती होतात, असे विचारले. जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी, असे उत्तर आले. त्या अंदाजाला रोजच्या फेऱ्यांनी गुणून ८० लाखांत एक चूक हे प्रमाण निघाले. परतीची फेरीही धरली तर १ कोटी ६० लाखांत एक. पुढे सांगोवांगी त्याचे कुठे ६० लाखही झाले. 'सिक्स सिग्मा' हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असे चक्रवर्तींनी नंतर स्वतः स्पष्ट केले. तोवर आकडा वर्गावर्गांतून स्थिरावला होता.

यात डबेवाल्यांचा उणेपणा शोधायचा नाही. त्यांच्या कामाची थोरवी त्या आकड्यावर टेकलेलीच नाही. प्रश्न आपला आहे. चूक म्हणजे नेमके काय? डबा हरवला तर चूक, मग अर्धा तास उशिरा पोचला तर? भलत्या मजल्यावर गेला आणि दहा मिनिटांत परत आला, तर तो कुठल्या रकान्यात लिहायचा? गिऱ्हाईक तक्रार करते ती आपल्या नेहमीच्या माणसाकडे, आणि तो ती जागच्या जागी मिटवतो. मग अध्यक्षांच्या कानापर्यंत पोचणार किती? संशोधनपद्धतीचा गाभा या तीन-चार प्रश्नांत आहे. आपण मात्र तो विषय प्रश्नावली, पंचबिंदू मापनश्रेणी आणि संगणकातून निघालेला तक्ता यांतच संपवतो.

जयपूरच्या या झोटवाड्याचेच पाहा. बाहेर औद्योगिक वसाहत आहे, शेजारी विश्वकर्मा वसाहत. येथील कामगारांच्या गैरहजेरीवर प्रकल्प करणारा विद्यार्थी गूगल फॉर्म पाठवणार, तो भरणार मालक किंवा त्याचा मुलगा, आणि निष्कर्ष निघणार कामगारांविषयी! ढूंढाडी बोलणाऱ्या कारागिरापुढे 'तीव्र असहमत' हा पर्याय ठेवणेही तसेच. (मराठीतही तसे कोण बोलते?) नमुनाच वाकडा असेल तर पुढची चाचणी कितीही बारीक असो, ती त्या वाकडेपणालाच दशांश चिन्ह जोडते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आमच्या मुलांना व्यवस्थापक व्हायचे आहे, संशोधक नव्हे, आणि हाती दोन महिने. आक्षेपातला वेळेचा भाग खरा आहे, म्हणून तर प्रश्न लहान हवा. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि १९३३ मध्येच धनंजयराव गाडगीळांचे पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेवरील सर्वेक्षण, सहलेखकासह, प्रसिद्ध झाले. एक शहर, एक प्रकारचा माल. आज आपले विद्यार्थी दोन महिन्यांत 'भारतातील ग्राहकवर्तन' उरकतात. राहिला व्यवस्थापकाचा मुद्दा. त्याच्या टेबलावर तर जन्मभर दुसऱ्यांनी मोजलेले आकडेच येणार. ते कुणी, कशासाठी मोजले हे ओळखण्याची गरज संशोधकापेक्षा त्याला कांकणभर अधिकच.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्राच्या अध्यापकांचा: अशाने सगळे गप्पागोष्टींवर येईल. तसे होऊ नये, हे मला मान्य आहे. प्रतिगमन, सहसंबंध शिकवावेतच. पण विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने निदान पन्नास नोंदी केल्यावर. मग गाळलेल्या उत्तराचा अर्थ त्याला कळतो, कारण ते देणाऱ्याचा चेहरा त्याने पाहिलेला असतो.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या सत्रात प्रत्येकाने एका कारखान्याच्या फाटकावर सलग सहा दिवस उभे राहून एकच गोष्ट, समजा कामगारांचा उशीर, मोजावी, 'उशीर' कशाला म्हटले याची व्याख्या मोजणीआधी लिहून द्यावी, आणि ती मध्येच बदलावी लागली तर का, तेही लिहावे. शंभरांतले तीस गुण यासाठी राखावेत व ते बांधीव अहवाल पाहून नव्हे, तर घामाने चुरगळलेली नोंदवही पाहून द्यावेत. अभ्यासमंडळांवरची मंडळी समोर बसलीच आहेत; दुपारच्या सत्रात त्यांनी यावर बोलावे.