वाऱ्याचा अंदाज आणि तारेची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



हवामानाचा अंदाज हा आपल्या अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. वारा कोणत्याही वर्गाचा नसतो, हे खरे. परंतु वारा सुटणार हे आधी कळल्यावर कोणी काय करावयाचे, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा आणि ते न झाल्यास कोणी मरावयाचे, हे प्रश्न राजकीय अर्थशास्त्राचे आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हे तिन्ही प्रश्न अत्यंत उघड्या स्वरूपात दिसतात. म्हणून तेथील वणव्यांचे उदाहरण मी घेतो.

प्रथम निसर्गाचा भाग. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात नेवाडा आणि युटा या राज्यांच्या उंच पठारावर थंड हवेचा जड थर साचतो. तो डोंगरांच्या खिंडींतून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कोसळतो. खाली येताना हवा दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे १० अंशांनी तापते. तिच्यातील सापेक्ष आर्द्रता कित्येकदा दहा टक्क्यांच्या खाली जाते. दक्षिणेत या वाऱ्याला सांता ॲना म्हणतात, उत्तरेत डायब्लो. उन्हाळाभर पाऊस नसलेल्या त्या प्रदेशात गवत आणि झुडपे आधीच कोळ झालेली असतात. अशा दिवसांचा अंदाज तेथील राष्ट्रीय हवामान सेवा आधीच देते आणि 'लाल निशाण' नावाचा इशारा जारी करते. आपल्याला लाल निशाणाचा अर्थ वेगळा ठाऊक आहे. तेथे त्याचा अर्थ, एक ठिणगी पडली तर गाव जाईल, असा होतो.

ध्यानात घ्यावयाचा मुद्दा असा की, ही हवामान सेवा सरकारी आहे. तिचा अंदाज सर्वांना फुकट मिळतो आणि तो बहुधा खरा ठरतो. ज्ञानाच्या बाजूने उणीव राहिलेली नाही. मग माणसे का मरतात?

८ नोव्हेंबर २०१८ ची सकाळ घ्या. बट परगण्यासाठी लाल निशाण इशारा दिलेला होता. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या खाजगी वीज कंपनीनेही तो वाचला होता. वीज बंद करावी लागेल अशी सूचना तिने दोन दिवस आधीपासून ग्राहकांना दिली होती. प्रत्यक्षात वीज बंद झाली नाही. साडेसहाच्या सुमारास डोंगरातील एका मनोऱ्यावर तार पेलणारा लोखंडी आकडा झिजून तुटला, ठिणग्या सुकलेल्या गवतावर पडल्या आणि आग भडकली. ताशी ८० किलोमीटरपर्यंतच्या सोसाट्याने ती काही तासांतच पॅराडाइज या सुमारे २६ हजार वस्तीच्या गावावर आणून घातली. ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मृतांत बहुसंख्य वृद्ध होते. शहरातील घरभाडे न परवडणारी, निवृत्तिवेतनावर जगणारी कितीतरी माणसे त्या गावात राहत होती.

तो आकडा जवळजवळ शंभर वर्षांचा होता. ती वाहिनी १९२० च्या सुमारास बांधलेली आणि १९३० मध्ये या कंपनीच्या ताब्यात आलेली. आणखी एक गोष्ट अधिक बोलकी आहे. जोखमीच्या दिवशी वीज बंद करण्याची कंपनीची जी योजना होती, तिच्यात ही ११५ किलोव्होल्टची वाहिनी धरलेलीच नव्हती! म्हणजे इशारा पाळला असता, तरी दोषी तार चालूच राहिली असती. शंभर वर्षे जुन्या लोखंडाची नीट तपासणी न करणे, हे येथील मूळ पाप.

हे पाप एखाद्या व्यवस्थापकाच्या आळसातून घडले असे मानणे भोळेपणाचे होईल. अशा वीज कंपनीला सरकारी नियामक मंडळ भांडवली गुंतवणुकीवर ठराविक दराने परतावा मिळवून देते. नवे उपकेंद्र बांधले की त्यावर नफा मिळतो. जुना आकडा तपासणे, झाडांच्या फांद्या छाटणे हा मात्र नुसता खर्च. त्यावर परतावा नाही. उलट मंजूर झालेल्या खर्चात काटकसर केली, तर ती रक्कम नफ्यात जमा होऊ शकते. नियंत्रित मक्तेदारीची गुंतवणूक अशी एका बाजूला झुकते, हे ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते. ते समाजवादी नव्हते; त्यांनी केवळ हिशेब मांडला. झिजलेला आकडा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, लाभांश मात्र दिसतो.

जून २०२० मध्ये कंपनीने ८४ मनुष्यवधांचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. दंड झाला सुमारे ३५ लाख डॉलर. कायद्याने याहून जास्त दंड करता येत नव्हता. तुरुंगात कोणीही गेले नाही, कारण कंपनीला तुरुंगात घालता येत नाही.

त्या आगीनंतर कंपनीने इशाऱ्याचा धसका घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये वाऱ्याचा अंदाज येताच तिने सात लाखांहून अधिक जोडण्यांची वीज तोडली. वीस लाखांवर माणसे अंधारात गेली. प्राणवायूच्या यंत्रावर जगणारा रुग्ण, शीतपेटीत औषध ठेवणारी म्हातारी, रोजंदारी बुडालेला मजूर, या सर्वांनी कंपनीच्या जोखमीचा भार उचलला. तार दुरुस्त न करण्याचा खर्च प्रथम मृतांनी भरला, नंतर जिवंतांनी.

यावर, वीज सार्वजनिक मालकीची करा म्हणजे प्रश्न मिटेल, असे उत्तर आपल्या तोंडी लगेच येते. दिशा बरोबर आहे, पण उत्तर अपुरे आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला आग लागली, तेव्हाही हवामान सेवेने अत्यंत धोकादायक परिस्थितीचा इशारा आधीच दिला होता. त्या शहराचा पाणी विभाग सार्वजनिक मालकीचा आहे. तरीही आगग्रस्त पॅलिसेड्स भागातील मोठा जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा पडून होता. लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनात संध्याकाळी आग लागली. पश्चिम अल्टाडेनात कृष्णवर्णीय कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने घरे उभी केली होती. त्या भागाला घरे सोडण्याचा आदेश पहाटे तीननंतर मिळाला, आणि त्या आगीतील जवळजवळ सर्व मृत्यू त्याच भागात झाले. आग विझविणाऱ्यांत शेकडो कैदी होते. त्यांची रोजची मूळ मजुरी तेव्हा १० डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होती. मालकी सरकारी असली, तरी कोणाच्या दारावर आधी थाप पडणार आणि कोणाचे श्रम स्वस्तात घेतले जाणार, हे समाजातील विषमताच ठरवीत राहते.

हे आपल्यालाही लागू आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत वीजवितरण सरकारी कंपनीकडेच आहे. तरीही लोंबकळत्या तारा एकमेकींवर घासून कोकणातील आंबा-काजूच्या बागा पेटल्याच्या तक्रारी उन्हाळ्यात होतच असतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या साहाय्याने आगीच्या सूचना २००४ पासून देत आली आहे. पण सूचना मिळेपर्यंत आग लागलेली असते. ठिणगी पडू न देण्याचे काम गावातच करावे लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तारांची आणि फांद्यांची देखभाल पावसाळ्यापूर्वी होते, तशी ती गवत वाळण्यापूर्वीही व्हावी, अशी मागणी आपण करावी. कोणती तार किती जुनी आहे आणि ती शेवटची कधी तपासली, याची यादी ग्रामसभेपुढे ठेवावयास लावावी. वायरमनची रिकामी पदे भरण्याची मागणी त्यांच्या संघटनेबरोबर उभे राहून करावी. कारण खांबावर चढणारा माणूसच नसेल, तर देखभाल कागदावर राहते. जळालेल्या बागेची भरपाई मागण्यासाठी आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. परंतु तार तपासण्यासाठीही एक मोर्चा माघ महिन्यात, वारे सुटण्यापूर्वी निघावा. अंदाज आपल्याला फुकट मिळतो. त्यावर कृती करावयास लावण्याची सत्ता मात्र आपल्यालाच मिळवावी लागेल.