टिकण्याची शर्यत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘राइड द डिव्हाइड’ हा अनुबोधपट दाखविण्यापूर्वी भिलाई येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात नाटक असावे, नाट्यसंगीत असावे, एखादे साहित्यविषयक व्याख्यान असावे, ही आपली जुनी रीत आहे. त्या मालिकेत डोंगरातून सायकली हाकणाऱ्या माणसांवरचा एक परदेशी अनुबोधपट कसा येऊन बसला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. तिचे निरसन करण्यासाठीच आम्ही आपली पंधरा-वीस मिनिटे घेणार आहोत.

सायकल भिलाईला परकी नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. त्या काळात आणि त्यानंतर जी माणसे येथे आली, त्यांचे पहिले वाहन सायकल हेच होते. हँडलला डबा अडकवून पहिल्या पाळीला निघायचे आणि रात्रपाळी आटोपून पहाटेच्या धुक्यात परतायचे, हा क्रम कित्येकांनी तीस-तीस वर्षे चालविला. त्याला कोणी क्रीडा म्हटले नाही, की त्याची कोठे नोंद झाली नाही. पण एकच अंतर रोज, न कंटाळता, ऋतू कोणताही असो, काटत राहणे म्हणजे काय, हे या सभागृहातील ज्येष्ठांना समजावून सांगण्याची गरज नाही. आजचा चित्रपट नेमका त्या गुणासंबंधी आहे.

प्रथम चित्रपटाविषयी. हंटर वीक्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘राइड द डिव्हाइड’ २०१० साली प्रदर्शित झाला. त्यात २००८ सालच्या ‘टूर डिव्हाइड’ या शर्यतीचे चित्रण आहे. कॅनडातील बॅन्फ येथून निघून अमेरिकेच्या मेक्सिको सीमेवरील अँटिलोप वेल्स या ठाण्यापर्यंत जायचे, अंतर सुमारे ४,४०० किलोमीटर. रस्ता बहुतांशी कच्चा: जंगलातील वाटा, खडी, चिखल. वाटेत जे चढ लागतात त्यांची बेरीज सुमारे ६० हजार मीटर होते, म्हणजे समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या शिखरापर्यंत सहा-सात वेळा चढून जाण्याइतकी.

‘डिव्हाइड’ या शब्दाचा अर्थ जलविभाजक. आपल्याकडे अमरकंटकच्या डोंगरावर हा प्रकार प्रत्यक्ष दिसतो. तेथून निघालेली नर्मदा पश्चिमेस अरबी समुद्राला मिळते, आणि तेथूनच निघालेला शोण उत्तरेस जाऊन गंगेला मिळतो. महाबळेश्वरला कृष्णा आणि सावित्री यांचे असेच आहे. अमेरिका खंडाच्या पाठकण्यावरून अशी एक रेषा गेली आहे. तिच्या एका बाजूचे पाणी पॅसिफिककडे जाते, तर दुसऱ्या बाजूचे मुख्यतः अटलांटिककडे. शर्यतीची वाट ही रेषा पुनःपुन्हा ओलांडत दक्षिणेकडे उतरते. आरंभी जूनमध्येही बर्फ आणि अस्वलांचे अरण्य, मध्ये वायोमिंगचे निर्जल पठार, शेवटी न्यू मेक्सिकोचे वाळवंट.

या शर्यतीचे नियम मोठे मासलेवाईक आहेत. प्रवेशमूल्य नाही आणि बक्षीसही नाही. मागे गाडी नाही, वैद्य नाही, पाणी देणारा मित्र नाही. वाटेतल्या दुकानात जे कोणालाही विकत मिळते तेच घ्यायचे. खास आपल्यासाठी कोणी काही आणून ठेवलेले चालत नाही. चेन तुटली तर स्वतः जोडायची. झोप किती घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवायचे, कारण घड्याळ थांबत नाही. स्पर्धकाजवळ उपग्रहाला संदेश पाठविणारे एक छोटे यंत्र असते. त्याच्या आधारे घरची माणसे नकाशावर एक ठिपका पाहतात. ठिपका पुढे सरकला तर बरे वाटते. तो तासन्‌तास एके ठिकाणी राहिला तर जीव टांगणीला लागतो: झोपला असेल, की पडला असेल?

श्रोतेहो, ज्यांची मुले आज पुण्यात, बंगळुरात किंवा सातासमुद्रापार आहेत, त्यांना हा ठिपका चांगला ठाऊक आहे.

आता शरीराची गोष्ट. इतक्या लांबच्या शर्यतीत पायांची शक्ती हा प्रश्नाचा एक लहान भाग ठरतो. शरीरातील साखरेचा साठा काही तासांत संपतो. पुढे सर्व भिस्त चरबीवर आणि सतत खाण्यावर असते, आणि पोट तर अन्न नको म्हणत असते. हँडलवर भार टाकून टाकून बोटे बधिर होतात. सीटवर घासून जखमा होतात. मान सावरणारे स्नायू थकले की डोकेच वर राहत नाही. १९८३ साली मायकेल शर्मर या स्पर्धकाला अमेरिकेत असा अनुभव आला. तेव्हापासून या विकाराला त्याचेच नाव पडले आहे. झोपेच्या अभावी रस्त्याकडेची झाडे माणसांसारखी दिसू लागतात. अशा वेळी पुढे जाण्याचा निर्णय घेणारे मनही तितकेच थकलेले असते, ही यातली खरी अडचण.

म्हणून चित्रपटात आम्हांला सर्वाधिक मोलाचे वाटले ते विजेत्याचे चित्रण नव्हे. मॅथ्यू ली पहिला आला, ते त्याच्या अनुभवाला साजेसेच झाले. पण चित्रपटाचा निर्माता माइक डिऑन हा स्वतः स्पर्धक होता, आणि त्याला शर्यत पूर्ण करता आली नाही. आपण काढलेल्या चित्रपटात आपलीच माघार त्याने लपविली नाही. मेरी मेटकाफ-कॉलियर ही बाई मात्र मागे पडूनही पुढे जात राहिली आणि ही शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. एकाने थांबण्याचा निर्णय घेतला, दुसरीने न थांबण्याचा. आणि दोन्ही निर्णय आपल्या मनाला पटतात, यात या चित्रपटाचे यश आहे.

हे सर्व परदेशचे झाले. पण आपल्या माणसांचा या क्षेत्राशी संबंध नाही असे कोणी समजू नये. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यानंतरच्या काळात मुंबई-पुणे शर्यतीने बोरघाटाचा चढ महाराष्ट्राच्या घरोघरी पोचविला आणि ‘घाटाचा राजा’ हा किताब मुलांच्या तोंडी बसला.

अलीकडचा इतिहास त्याहून मोठा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत १९८२ साली सुरू झाली. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी ती जोडीने ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. एकट्याने हे अंतर काटण्याचा मान २०१७ साली लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांना मिळाला. आदल्या वर्षी त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. त्यांच्या पाठोपाठ, त्याच शर्यतीत, आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे पहिल्याच प्रयत्नात १२ दिवसांच्या मुदतीच्या आत पोचले.

समर्थ पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, मॉस्कोहून व्लादिव्होस्तोकला सायकलीने गेले. अंतर सुमारे ९,१०० किलोमीटर, टप्पे १५, दिवस २५. ती शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. ज्या देशाचे अभियंते एके काळी आपल्या शेजारच्या क्वार्टरांत राहत होते, ज्यांच्या मैत्रीची खूण म्हणून आपण मैत्रीबाग उभारली, तो देश या टोकापासून त्या टोकापर्यंत एका नागपूरकराने पायडल मारीत ओलांडला. रुळांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाने हे ऐकून क्षणभर तरी थांबायला हवे, कारण ती वाट बऱ्याच अंशी त्या सुप्रसिद्ध सैबेरियन लोहमार्गाच्या सोबतीने जाते.

स्त्रियाही मागे नाहीत. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ साली लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरचे अंतर ५५ तास १३ मिनिटांत काटले. तांगलांग ला, बारालाचा ला यांसारख्या खिंडींत चालतानाही धाप लागते, तेथे ही दोन मुलांची आई सायकल चालवीत होती.

आता एक भेद ध्यानात घ्यावा. आजच्या चित्रपटातील शर्यतीत मदत निषिद्ध आहे. महाजन बंधूंच्या आणि समर्थांच्या शर्यतीत ती आवश्यक आहे. तेथे स्पर्धकाच्या मागे गाडी असते. तीत माणसे असतात: कोणी दर तासाला घास भरवतो, कोणी चाक बदलतो, कोणी रस्ता सांगतो, आणि कोणी नुसता बोलत राहतो, म्हणजे सायकलस्वाराला डुलकी लागू नये. या माणसांची झोपही तितकीच जाते. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव क्वचितच येते. परंतु त्यांच्यावाचून ते अंतर कोणालाही पार होत नाही.

आमच्या मते आपले भिलाईतील आयुष्य या दोन्ही शर्यतींचे मिश्रण आहे. आपले आईवडील येथे आले ते पहिल्या शर्यतीच्या नियमाने: एक ट्रंक, एक वळकटी, ओळखीचे कोणी नाही, भाषा वेगळी. टिकले मात्र दुसऱ्या शर्यतीच्या नियमाने. बाळंतपणाला धावून आलेली शेजारीण छत्तीसगढी होती की तेलुगू, हे कोणी विचारले नाही. रात्रपाळीच्या माणसाच्या मुलांना परीक्षेच्या केंद्रावर नेऊन सोडणारे काका वरच्या मजल्यावर राहत होते. अशा माणसांनीच गणपती बसविला, वाचनालयाची कपाटे विकत घेतली, आणि त्यातून हे मंडळ उभे राहिले. मंडळ ही पन्नास वर्षे चाललेली मागची गाडी आहे.

येथेच आमचा खरा प्रश्न येतो. मंडळाचे सभासद वयाने वाढत आहेत, आणि मुले बाहेर जात आहेत. ती आपल्याला ठाऊक नसलेल्या वाटा धरतात. कोणी डॉक्टरकी सांभाळून सायकल चालवितो, कोणी बरी नोकरी सोडून डोंगरात जातो. आपण विचारतो, ‘कशासाठी?’ या प्रश्नामागे भीती असते, आणि ती खोटी नाही. मुंबई-पुणे शर्यतीचे गाजलेले वीर अशोक खळे २०१७ साली रस्त्यावर वाहनाच्या धडकेने गेले. टूर डिव्हाइडमध्ये २०१६ साली विक्रम करणारा इंग्रज सायकलपटू माइक हॉल हाही २०१७ सालीच ऑस्ट्रेलियात असाच गेला. डोंगर, बर्फ आणि अस्वले यांतून सुखरूप आलेली माणसे साध्या डांबरी रस्त्यावर मोटारीखाली सापडली. तेव्हा मुलांना धोका नाहीच, असे खोटे आश्वासन आम्ही कोणा आईला देणार नाही.

पण धोका आहे म्हणून वाट बंद करणे आणि धोका आहे म्हणून मागे गाडी काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमची मंडळाला विनंती दुसऱ्या मार्गाची आहे. सेक्टरांमधल्या रुंद, झाडांनी झाकलेल्या रस्त्यांवर रविवारी पहाटे मुलामुलींना सायकली काढू द्याव्या. त्यांच्यामागे एखाद्या निवृत्त सभासदाने आपली गाडी ठेवावी. सायकलीला मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट आणि गाडीत पाणी असावे, एवढी शिस्त मंडळाने घालून द्यावी. त्यातून एखादा समर्थ निघेल की नाही, याची आम्हांला फिकीर नाही. माघार घेणाऱ्याला हसू नये, आणि शेवटचा येईपर्यंत कोणी घरी जाऊ नये, एवढे जरी ती मुले शिकली तरी पुष्कळ झाले. आणि उद्या ती दूर गेली, तर मागच्या गाडीत बसणे म्हणजे काय हे त्यांना माहीत असेल. कदाचित जेथे असतील तेथे तीही एखाद्या नवख्यासाठी ते काम करतील.

आता दिवे मालवून चित्रपट सुरू करावा. एक सूचना मात्र करतो. पाहताना कोण पुढे आहे याकडे फार लक्ष देऊ नये. एखादा स्पर्धक रस्त्याकडेला बसून, पुढे जावे की परतावे, याचा विचार करीत असेल, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. आपल्यापैकी अनेकांना तो चेहरा ओळखीचा वाटेल.