नवोदयचा फॉर्म भरायचा का?

परवा ताईचा फोन आला. "गुरुजी म्हणतात पोरगी हुशार आहे, नवोदयचा फॉर्म भरा. भरू का रे?"

भाची झेडपीच्या शाळेत, पाचवीला. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते. 2 तासांत 80 प्रश्न, त्यातले 40 बुद्धिमत्तेचे. नंबर लागला तर राहणं-जेवण मोफत, पण घर सुटणार. ताईला धास्ती त्याचीच.

मी म्हटलं, "अगं, फॉर्म भरला म्हणजे पाठवणी झाली का? जायचं की नाही ते निकालानंतर ठरवू. नंबर नाही लागला, तरी ती हुशारच. तिला विचारलंस का?"

विचारलंच नव्हतं! फोन भाचीकडे गेला. "मामा, तिथं लायब्ररी आहे?"

फॉर्म भरला. तुमच्याही घरी पाचवीतलं कुणी असेल, तर आधी त्यालाच विचारा.